शंभरावर एक

"पद्मनाभशेठ, तुमची दोन पोती जास्त आहेत!" मुरगाव बंदरातून क्लिअरिंग एजंट आनंदा ओरडला. हुबळीच्या दुकानात तो फोनशिवायही ऐकू आला असता.

मिरचीचे व्यापारी पद्मनाभअप्पा ताडकन उभे राहिले. तीन पिढ्यांत पहिल्यांदाच माल परदेशी निघाला होता. दुबईची बोट सहाला सुटणार होती. चार वाजून गेले होते.

कस्टमचं सगळं त्यांच्या मुलीनं, हेमावतीनं, पाठ केलं होतं. शिपिंग बिल म्हणजे काय पाठवतो ते सरकारला सांगणं. पॅकिंग लिस्ट म्हणजे किती पोत्यांत, ते. तीन महिने ती अप्पांना हेच शिकवत होती, अगदी जेवतानासुद्धा. भाकरी किती वाढू म्हटलं, की अप्पा "लिस्टप्रमाणे" म्हणायला लागले होते.

"कागदावर शंभर, मोजली तर एकशे दोन!" आनंदा म्हणाला. "कस्टमचे साहेब म्हणतात, कमी पाठवणारे लबाड पुष्कळ पाहिले, जास्त पाठवणारा पहिलाच. कुणी घातली, का घातली, लिहून फॅक्स करा. दोन उतरवून सही करतील. नाहीतर बोट गेली!"

हेमावतीनं अप्पांकडे पाहिलं. अप्पांनी पंख्याकडे पाहिलं.

"वर्ताळा," ते पुटपुटले. "शंभरावर एक दिल्याशिवाय आपल्या दुकानातून माल हललाय कधी? दुबईवाला काय म्हणेल? हुबळीचे लोक चिक्कू?"

"अप्पा! तीन महिने मी काय भिंतीशी बोलत होते?"

"ऐकलं की! म्हणून तर एकच घातलं."

हेमावतीनं कागद ओढला. तिनं चार ओळी खरडल्या, सही ठोकली, आणि अप्पा चष्मा शोधेपर्यंत शेजारच्या दुकानातून फॅक्स करूनही आली.

पुढचा सव्वा तास दुकानात कुणी मिरची विकली नाही. गिऱ्हाईकंसुद्धा फोनकडे बघत बसली.

पावणेसहाला घंटी वाजली. "झाली सही! चढला माल!" दुकानात एकच गिल्ला झाला. गणपत हमालानं अप्पांनाच पोत्यासारखं उचललं.

जमिनीवर टेकल्यावर अप्पांना आठवण झाली. "अगं, पण मी एकच घातलं होतं. दुसरं कुणाचं?"

हेमावतीनं फॅक्सचा कागद पुढं केला. अप्पांनी चष्मा लावला.

'एक पोतं वडिलांनी घातलं. दुसरं मी. या वेळी माझं ऐकून ते घालणार नाहीत, असं मला वाटलं होतं.'