विहिरीचं झाकण

विहिरीचं पाणी तोंडात धरवेना, म्हणून सुनेने पाणी तपासणाऱ्याला बोलावलं. तो म्हणाला, "आसपास उपसा फार झालाय, ताई. समुद्र जमिनीखालून थेट तुमच्या विहिरीत शिरलाय. झाकून टाका आता."

सासू कठड्याला बिलगून बसली. "समुद्राला आपलं घर सापडलं, मग माझ्या लेकाला नाही सापडणार?"

गेल्या पावसाळ्यात त्याची रिकामी होडी तेवढी किनाऱ्याला लागली होती.

"आई, असलं काहीबाही बोलू नका!" सून करवादली आणि दुसऱ्याच दिवशी वेल्डरला घेऊन आली. लोखंडी झाकण बसू लागलं, तशी सासू तोंडाला पदर लावून आत निघून गेली. ती गेल्याची खात्री करून सून वेल्डरजवळ वाकली.

"दादा, कडी आतूनही उघडेल अशी बसवा."