वाळूपर्यंतचा उतार

“टीवीवाले कुठं राहतीन सर?” धर्मपालनं विचारलं.

“फिनिशला रे बाबा. कालपासून तेच विचारतोयस. हिरो व्हायचंय का तुला?” श्रीपाद सर हसले.

“हव सर.”

लडाखच्या त्या खिंडीत बर्फ होता. रस्ता तिथून सुटला की वळसे घेत थेट खाली वाळवंटात उतरायचा. शर्यत तिथं वाळूत संपायची. धर्मपालच्या छातीवर कारखान्याचं नाव होतं, पाठीवर मोठ्या अक्षरांत ‘भट्टी विभाग’. बनियन नवीकोरी होती. भट्टी विभागही नवाच होता. सगळी नोकरी त्यानं रायपूरजवळच्या सिलतऱ्यात, कारखान्याच्या गेटवर ट्रक मोजण्यात काढली होती. गेल्या उन्हाळ्यात सरांनी त्याला उचलून भट्टीत दाखवलं, तेही फक्त कागदावर.

काहून दाखवलं, ते सरांनी लपवलं नाही. कारखान्यात माणसं सांभाळायचा पगार घेणारा हा माणूस बोलायला मोठा गोड.

“तुझ्या भावाची केस आहे ना लेबर कोर्टात? भट्टीच्या धुरानं छाती गेली म्हणून? आता त्याच भट्टीतला त्याचा सख्खा भाऊ डोंगरावरून वाळवंटापर्यंत पळत गेला, हे सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं की संपलं. कोर्टात तोच व्हिडिओ लावायचा. तू फक्त रेघ ओलांड. पर्मनंट करतो, क्वार्टर देतो.”

राजधानी झाल्यापासून रायपुरात ज्याला त्याला चौकात आपला फोटो लागलेला पाहायचा असतो. धर्मपालनंही हव म्हटलं.

भनपुरीच्या घरात त्या दिवसापासून कोणी त्याच्याशी बोलेना. थोरला भाऊ हिरालाल खाटेवर उशीला टेकून बसलेला असायचा. आडवं झालं की त्याचा श्वास अडकायचा. निघायच्या दिवशी सरिता वहिनीनं मात्र तोंड उघडलं.

“पया भावजी, पया. सख्ख्या भावाच्या छातीवर पाय देऊन पया. लय मऊ लागन.”

हिरालालनं हातानं तिला थांबवलं. मग धाकट्याकडं पाहून एकेक शब्द वर ओढत म्हणाला, “उतारावर... मागं नोको झुकू... पडशीन.”

“टीवी चालू ठेवजा वहिनी,” एवढंच म्हणून धर्मपाल बाहेर पडला.

शिट्टी वाजली. माणसं सुटली.

पहिल्या वळणावरच त्याला वाटलं, आपण पळत नाही, रस्ताच आपल्या पायाखालून वाहतो आहे. दोन्ही बाजूंना जांभळे, उघडे डोंगर. एवढे मोठे, की माणूस कितीही पळाला तरी ते जागचे हलत नव्हते. खाली नदी, कोणी वाळत घातलेल्या सुतासारखी. आणि हवा! सिलतऱ्यात हवा डोळ्यांना दिसते, दोरीवरच्या कपड्यांवर बसते, भाकरीत येते. इथं ती दिसतच नव्हती. नुसती आत जायची, गार, आणि आत गेल्यावरही काही बोलायची नाही.

“दादा, एवढं हलकं कसं हो धावता?” पुण्याची राधिका नावाची एक बाई शेजारी आली. “माझ्या मांड्यांचं पीठ झालं या उतारानं.”

“राखेवर पयलो ना ताई. तिथं पाय टेकला का आत जाते. टेकाचाच नाही.”

“राखेवर? कुठं?”

“कारखान्याच्या मागं. लय मोठा डोंगर हाय. सरकारच्या नकाशात तेवढा नाही.”

ती हसली आणि मागं राहिली.

पुढच्या उतारावर त्याला हिरालाल दिसला. शर्टाची बटणं उघडी, छाती भरलेली, पोटऱ्या राखेनं पांढऱ्या. लहानपणी त्या ढिगावरून दोघं असेच सुटायचे. हिरालालनं वळून पाहिलं. “ये ना बे पोट्ट्या, झोपला का?” धर्मपालनं पाय उचलले. हिरालाल वळणाआड गेला, पुन्हा दिसला, पुन्हा गेला. असं किती वेळ चाललं कोण जाणे. बर्फ संपला, दगड संपले, हिरवी झाडं आली आणि मागं गेली. या सगळ्या रस्त्यावर एकही गेट नव्हतं. कुठं चालला बे, असं त्याला कोणीच विचारलं नाही. जन्मात पहिल्यांदा.

डोळ्यांतून पाणी वाहत होतं. वाऱ्यानं असेल.

मग वाळू सुरू झाली. ऊन अंगावर आलं. शेजारून जीप चालली होती, तिच्यातून श्रीपाद सर अर्धे बाहेर लोंबकळत होते.

“शाबास धर्मपाल! पहिल्या दहांत आहेस! जोर लाव!”

“कॅमेरा चालू हाय ना सर?”

“अरे लाइव्ह आहे! कारखान्याच्या गेटवर पडदा लावलाय, सगळी शिफ्ट बघतेय. तुझी वहिनीसुद्धा बघत असेल!”

धर्मपालनं वेग वाढवला. दोघांना मागं टाकलं, मग आणखी एकाला. कमान दिसू लागली. ढोल वाजत होते. माइकवरून कोणीतरी ओरडलं, “छत्तीसगढ, रायपूर, भट्टी विभाग!” लोक टाळ्या पिटू लागले. आल्या वाटेनं उलटं खिंडीपर्यंत चढून जाण्याइतका जीव अजून त्याच्या पायांत होता.

रेघेच्या अलीकडं, कॅमेऱ्याच्या बरोबर समोर, तो वाळूत मांडी घालून बसला.

ढोल थांबले. श्रीपाद सर जीपमधून उडी मारून धावत आले. चेहरा पांढराफटक. “अरे ऊठ! ऊठ ना! चार पावलं राहिलीत फक्त!”

“नाही होत सर,” छातीवर हात ठेवून, कॅमेऱ्यात पाहत धर्मपाल म्हणाला. “तुमच्या भट्टीतला माणूस हावो ना मी. आमचा श्वास इथपर्यंतच पुरते.”