काळा मासा

आठ सोनेरी माशांबरोबर एक काळा असला, की घरावरची पीडा तो आपल्या अंगावर घेतो, ही हाँगकाँगमधली पिढ्यान्‌पिढ्यांची श्रद्धा. म्हणून काळा मेला की घरात कोणी रडत नाही. बाजारातून दुसरा आणतात.

लामचा काळा मेला तेव्हा त्याच्या बायकोच्या, सुक-यिनच्या, छातीतल्या गाठीचा रिपोर्ट यायचा होता. शुक्रवारी या, असं दवाखान्याने सांगितलं होतं. लाम तडक मासळीगल्लीत गेला.

"लामशेठ, नवा मासा पंधरा दिवस वेगळ्या टबात ठेवा," दुकानदार म्हणाला. "कुठला रोग घेऊन आलाय, सांगता येत नाही."

"आणि तोवर घरावर पहारा कोण देणार? तू?"

घरी येताच लामने पिशवी फोडून मासा थेट टाकीत सोडला. दोन-तीन दिवसांत सोनेरी माशांच्या अंगावर पांढरे ठिपके उठले. शुक्रवारी सकाळी आठही सोनेरी मासे पोट वर करून तरंगत होते.

"बघ, आठपट पीडा टळली!" लाम बूट घालत म्हणाला. "चल, रिपोर्ट आणू."

सुक-यिन जाळीने मेलेले मासे काढत होती. "रिपोर्ट सोमवारीच कळला. फोन आला होता. तुम्ही काळ्याला भरवत होतात, म्हणून बोलले नाही."

"काय म्हणाले?"

"येत्या मंगळवारी ऑपरेशन."

काळ्याची तब्येत उत्तम होती.