तिसऱ्या गाण्यातला बास

जुनी तबकडी वाजून संपली तशी सगुणने ती बाजूला ठेवली आणि नवी लावली. चाळीस वर्षांपूर्वी डिचोलीच्या चौघा मित्रांनी काढलेला तो एकच रॉक अल्बम. मुंबईच्या एका कंपनीने आता आवाज साफसूफ करून तो पुन्हा बाजारात आणला होता. चौघांपैकी सगुण तेवढा उरला होता. पार्सल सकाळीच कोरगावला त्याच्या घरी आलं होतं.

फरक पहिल्याच गाण्यात कळला. जुन्यात ड्रम पत्र्याच्या डब्यासारखे वाजायचे. आता काठी झांजेवर कुठे पडते तेही ऐकू येत होतं. त्यांचा गायक बाबाजी तर समोरच्या खुर्चीत बसून गातोय असं वाटलं. सगुणचे डोळे भरून आले. आणि सगळ्यांच्या तळाशी त्याचा बास गिटार. जुन्यात तो नुसता घुमायचा, इथे एकेक स्वर गोल, भरीव.

तिसरं गाणं लागलं. त्याच्या दुसऱ्या कडव्यात सगुणचं बोट तारेवरून घसरलं होतं. स्वर अर्धी मात्रा उशिरा पडला, आणि ते ऐकून बाबाजी गाता गाता हसला होता. सगुण त्या जागेची वाट बघत राहिला.

बाबाजी हसला. बोट घसरलं नाही.

त्याने सुई उचलून मागे ठेवली. दोन वर्षांपासून त्याचा हात कापायचा, तिसऱ्या खेपेला जमलं. स्वर अगदी वेळेवर पडला. बाबाजी उगाचच हसला.

सगुणने कंपनीत फोन लावला.

"काका, टेपची एक कड बुरशीने खाल्ली होती," पलीकडचा माणूस म्हणाला. "टेपवर प्रत्येक वाद्याची पट्टी वेगळी, बासची नेमकी त्याच कडेला. मग आमच्या एका वादकाकडून नव्याने वाजवून घेतला. कव्हरवर नाव तुमचंच आहे हं. कुणाला फरक कळणार नाही."

"मला विचारायचं तरी."

"तुमच्या हाताचं कळलं होतं, काका. म्हटलं, उगाच कशाला त्रास द्यायचा."

सगुणने फोन ठेवला. गाणं चालूच होतं.

पदराला हात पुसत पद्मावती बाहेर आली. हे संगीत सुरू झालं की ती स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायची. लग्नाला अडतीस वर्षं झाली, एक गाणं तिने पुरतं ऐकलं नव्हतं. आज ती उंबऱ्यावर बसली.

"ह्या खालसून वाजता, ता तुमचा मा?"

सगुणने तिच्याकडे पाहिलं.

"किती बरा वाजयल्यात वो! माका कधी कळलाच नाय." ती थोडी पुढे सरकली. "तुमचाच मा?"

"हय," सगुण म्हणाला.

ती लगबगीने उठली आणि तिने कुंपणाशी जाऊन शेजारच्या ताराला हाक मारली, "ये गो तारा, आमच्यांनी काय वाजयलला ता आयक!"

सगुणने आवाज वाढवला.