बोंडल्यातलं दूध

सुंदराबाईंनी जमिनीवर पाय लांब सोडले, दोन पायांच्या मधल्या खळग्यात मांजराचं पिल्लू उताणं ठेवलं आणि चांदीच्या बोंडल्याची चोच त्याच्या तोंडाला लावली. पिल्लू मूठभर. डोळे मिटलेले, बेंबीला वाळकी नाळ. त्याची आई सोमवारी सोसायटीत रिव्हर्स घेणाऱ्या पाण्याच्या टँकरखाली गेली. तिच्या तीन पिल्लांपैकी हे एकच मीटरच्या खोलीत जिवंत सापडलं.

“आई, व्हिडिओत सांगतायत, पालथं ठेवून पाजा,” गंधाली दारातूनच म्हणाली. सुनेचे दिवस भरत आले होते. मांजराला हात लावू नका, असं डॉक्टरांनी तिला बजावलं होतं, म्हणून ती मोबाईल घेऊन लांब खुर्ची टाकून बसली होती.

“त्या व्हिडिओवाल्यानं किती पोरं वाढवली, विचार त्याला.”

भांडुपच्या या टेकडीखालच्या वस्तीत सुंदराबाईंनी पस्तीस वर्षं बाळ-बाळंतिणींना न्हाऊ घातलं होतं. त्यांच्या पायावरची पोरं आता बाईकवरून जाताना हात करत. घोडं अडलं होतं ते स्वतःच्या नातवंडाशी. गंधालीच्या आईला शिकलेली नर्स हवी होती आणि मुलगा सिद्धेश दोन्हीकडे मान डोलावून ऑफिसला पळत होता. तेवढ्यात हे पिल्लू घरात आलं आणि सुंदराबाईंनी पैजच लावली. “हे जगलं तर बाळ माझ्या पायावर. नाही जगलं तर आण तुझी नर्स.”

म्हणजे पिल्लानं प्यायलाच हवं होतं. त्यानं तोंड फिरवलं, तेव्हा सुंदराबाईंनी दोन बोटांनी जबडा धरून चोच आत सरकवली. पिल्लू ठसकलं, चारी पाय झाडायला लागलं. नाकातून दुधाचा एक बुडबुडा आला. तो त्यांनी पदरानं टिपला.

“उतू गेलं. पोट भरलं त्याचं,” त्या समाधानानं म्हणाल्या.

दुपारी चार वाजता पिल्लू तोंड उघडून श्वास घ्यायला लागलं. गंधालीनं सासूचं काही न ऐकता रिक्षा बोलावली.

जनावरांच्या दवाखान्यातली डॉक्टर गंधालीच्याच वयाची होती. तिनं छाती तपासली आणि कसं पाजलं ते विचारलं. सुंदराबाईंनी हातानंच करून दाखवलं. डॉक्टर रागावली नाही, हे त्यांना जास्त लागलं.

“आजी, दूध पोटात नाही, फुप्फुसात गेलंय. उताणं धरून ओतलं की होतं असं.”

तिनं नळी लावून पाहिली, पालथं धरून पाठ चोळली. टेबलाच्या अलीकडेही पिल्लाच्या छातीतली बारीक बुडबुड ऐकू येत होती. जीभ निळी पडत गेली. मग बुडबुड थांबली.

“माणसाच्या बाळाला होतं का गो असं?” सुंदराबाईंनी विचारलं.

“होतं ना. म्हणून तर बोंडल्यानं पाजू नका म्हणतात.”

ही बुडबुड सुंदराबाईंनी आधी ऐकली होती. चाळीस वर्षांपूर्वी, ऐन बारशाच्या सकाळी, त्यांच्याच पायावर. अंगावरचं दूध पुरत नव्हतं म्हणून बोंडल्यानं वरचं पाजलं होतं. पहिली मुलगी. तिचेही ओठ असेच निळे पडले होते आणि ती गेली होती. आदल्या संध्याकाळी धाकटी जाऊ उत्तरा पाळण्यात वाकून म्हणाली होती, काय गोड आहे. तिला स्वतःला मूल नव्हतं. तिची दृष्ट लागली, असं सगळ्यात आधी सुंदराबाई बोलल्या. मग सगळी वस्तीच बोलायला लागली.

परतीच्या रिक्षात बुटांच्या खोक्यात पिल्लू सुंदराबाईंच्या मांडीवर होतं. गंधालीनं त्यांच्या हातावर हात ठेवला. “मनाला लावून घेऊ नका, आई. पैजबिज जाऊ दे. बाळ तुमच्याच पायावर देणार मी.”

“नको,” सुंदराबाई म्हणाल्या. “नर्स बघ.”

वस्ती पाडून झालेल्या या इमारतीत सगळ्यांनाच घरं मिळाली होती. उत्तराला तळमजल्यावर मिळालं होतं. ती गेटजवळच्या पायरीवर मेथी निवडत बसली होती. रिक्षातून पोट सावरत उतरणारी गंधाली तिला दिसली आणि ती परात उचलून भिंतीकडे तोंड करून बसली. कोणी पोटुशी बाई किंवा तान्हं मूल समोरून आलं की ती नेहमी तशीच वळायची. आता कोणाला त्याचं काही वाटतही नसे.

सुंदराबाई खोकं घेऊन तिच्या पाठीमागे जाऊन उभ्या राहिल्या. चाळीस वर्षांत या बाईशी त्या एक शब्द बोलल्या नव्हत्या. लाज इतकी वाटत होती, की परत फिरावं असं दोनदा मनात आलं.

“उत्तरा,” त्या म्हणाल्या, “इकडे बघ गो. माझ्या सुनेकडे बघ.”

मेथी निवडणारे हात थांबले. पाठ मात्र वळली नाही.

“नको, वहिनी,” उत्तरा भिंतीकडे बघतच म्हणाली. “पोरगी दोन जीवांची आहे. आधी तिला वर जाऊ दे. माझी नजर वाईट आहे.”