देवाला विचारू

सुवार्ताला पुण्यात बड्या कंपनीत नोकरी लागली, पण तिला जतकडच्या मिशनच्या शाळेत शिकवायचं होतं. "आपल्या मनाचं ऱ्हाऊ दे, देवाला इचारू," म्हणत तिच्या पप्पांनी, शांतवनरावांनी, प्रार्थना केली आणि बायबलवर दोन चिठ्ठ्या टाकल्या. सुवार्तानं डोळे मिटून एक उचलली. जत निघालं.

"प्रार्थनेत माझंच ध्यान नव्हतं गं," म्हणत त्यांनी परत टाकल्या. परत जत! मग मात्र बापलेकीनं दिवसभर उपवास धरला, आणि संध्याकाळी एकदाचं पुणे निघालं. "आमेन!" म्हणत शांतवनरावांनी चिठ्ठ्या फाडून टाकल्या.

रविवारी चर्चमध्ये त्यांनी सगळ्यांसमोर उभं राहून साक्ष दिली, "पोरीला लय जायचं हुतं जतला. पर देवाच्या इच्छेपुढं आपली इच्छा मारावी लागती!"