ज्याची त्याची चिठ्ठी

विसाव्या दिवशीही स्क्रीनवर तेच वाक्य आलं. ड्रायव्हर सापडला नाही.

"मलाही नाही सापडला," असं स्क्रीनलाच सुनावून दुरुस्तीवाल्यानं कीबोर्ड पुढे ढकलला.

जुने कॉम्प्युटर जिवंत करणं हा त्याचा धंदा. पण हे प्रकरण त्याला पुरून उरलं होतं. टेबलावर विटेएवढा एक ड्राइव्ह होता, त्यात जाड चौकोनी कॅसेट बसायची. ड्राइव्ह ठणठणीत होता, कॅसेटही ठीक असावी. ड्राइव्हचं बोलणं कॉम्प्युटरला समजावून सांगणारा छोटासा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, तेवढा नव्हता. तो एका फ्लॉपीवर यायचा. फ्लॉपी हरवलेली आणि बनवणारी कंपनी केव्हाच बुडालेली.

कॅसेटवर पांढरी चिठ्ठी होती. 'आवाज – हिचा.'

ज्या मुलीनं त्याला कामाला घरी बोलावलं होतं, तिच्या घरभर अशा चिठ्ठ्या होत्या. तिच्या वडिलांना ती खोडच होती. वस्तू ज्याची, त्याचं नाव तिच्यावर. वायरवर 'प्रिंटरची', किल्लीवर 'वरच्या कपाटाची', कपावर 'माझा', मुलीच्या कंपासपेटीवर 'चिमणीची'. वडील जाऊन अकरा वर्षं झाली, तरी एकही चिठ्ठी काढायला कुणाचा हात धजावला नव्हता.

'हिचा' म्हणजे आईचा. घशाच्या ऑपरेशनच्या आधी वडिलांनी तिला समोर बसवून तिच्याकडून गोष्टी वाचून घेतल्या होत्या. ऑपरेशननंतर आई बोलली नाही. ती पाटीवर लिहायची. पुढे कॉम्प्युटर बदलला, फ्लॉपी सापडेना, आणि वडिलांनी तिच्यापायी सगळं घर उलटंपालटं केलं होतं.

"मी तेव्हा तीन वर्षांची होते," मुलीनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "आई कशी बोलायची, मला आठवतच नाही हो. काहीही करा."

त्यानं काहीही केलं. भंगारवाल्यांचे ढीग उपसले. दोन निवृत्त इंजिनियरांना इतके फोन केले की त्यांनी उचलणं सोडलं. माहिती काढून देणाऱ्या एका मोठ्या लॅबनं कॅसेट बघूनच हात जोडले. इंटरनेटवर एका परदेशी माणसानं 'माझ्याकडे आहे' असं लिहिलं आणि नऊ दिवस गायब झाला. त्या माणसाला दुरुस्तीवाला रोज मनातल्या मनात शिव्या घालायचा.

एवढ्या दिवसांत हसू आलं ते एकदाच. दोघांचं बोलणं ऐकून आईनं पाटी पुढे केली होती. 'जुना ड्रायव्हर? त्याचा नंबर आहे माझ्याकडे.'

मुलगी हसून हसून लोळली. "अगं आई, गाडीचा नव्हे." आईनं पाटी पुसली.

आज अकराला बेल वाजली. आई झोपली होती, मुलगी दार लावून ऑफिसच्या मीटिंगमध्ये होती. दुरुस्तीवाल्यानंच दार उघडलं. इस्त्रीचा शर्ट घातलेले एक म्हातारे गृहस्थ उभे होते.

"बाईंचा मेसेज आला होता. जुना ड्रायव्हर पाहिजे म्हणून."

त्याचं डोकं आधीच फिरलेलं होतं. "काका, घोटाळा झालाय. या घरात आता गाडी नाही. तसला ड्रायव्हर नकोय कुणाला."

म्हाताऱ्यांनी शर्टाच्या खिशावर हात ठेवला. "नक्की नकोय ना?"

"नक्की."

वाईट वाटायचं सोडून ते चक्क सुटल्यासारखे हसले आणि जिना उतरले. कटकट गेली म्हणून दुरुस्तीवाल्यानं दार लावलं. घरात कुणाला सांगायचंही त्याला सुचलं नाही, कारण तेवढ्यात परदेशी माणसाची मेल आली. सोबत फाइल होती.

फाइलमधली लिपी त्याला वाचता येत नव्हती. पण वीस दिवस उपाशी राहिलेला माणूस ताट निरखत बसत नाही. त्यानं फाइल चालवली. ड्राइव्ह घरघरला. हिरवा दिवा लागला.

"ताई, या लवकर. आईंनाही उठवा."

स्क्रीनवर न कळणाऱ्या अक्षरांखाली निळी पट्टी पुढे सरकू लागली. मुलीनं आईचा हात घट्ट धरला. पट्टी भरायला दहा मिनिटं लागली आणि त्या दहा मिनिटांत कुणी जागचं हललं नाही.

पट्टी भरली. त्यानं स्क्रीनवर कॅसेट उघडली. आत काहीच नव्हतं.

मग त्यानं त्या अक्षरांचा फोटो काढून मोबाइलवर भाषांतर केलं. 'कॅसेट पुसून नव्याने तयार केली आहे.'

"म्हणजे गेला?" मुलीनं विचारलं.

"गेला," तो म्हणाला. त्याला स्वतःची लाज वाटली. आधी वाचायला काय धाड भरली होती?

मुलगी टेबलावर डोकं टेकून रडायला लागली. आईनं तिच्या पाठीवर एक हात ठेवला, दुसऱ्या हातानं पाटीवर लिहिलं आणि त्याच्याकडे वळवलं. 'चहा घेऊन जा.'

चहा न घेताच पिशवी उचलून तो निघाला.

बसस्टॉपच्या बाकावर तेच म्हातारे बसले होते. त्यांनी सरकून जागा दिली.

"माझी बस दीडची," ते म्हणाले. "तुम्ही नको म्हणालात, बरं वाटलं बघा. मला वाटलं, बाई परत मागतायत."

"काय परत मागतायत?"

"साहेबांनी गाडी विकली, माझी नोकरी संपली. शेवटच्या दिवशी गाडी पुसताना मागच्या सीटवर सापडली. साहेब ज्याची वस्तू त्याच्या नावाची चिठ्ठी लावायचे, तुम्ही बघितलंच असेल. मला त्यांनी एवढी एकच दिली. कशासाठी असते देव जाणे, पण पंचवीस वर्षं जपलीय."

त्यांनी खिशातून प्लॅस्टिकची पिशवी काढून अलगद उघडली. आत एक काळी, चौकोनी फ्लॉपी होती. तिच्यावर पांढरी चिठ्ठी आणि ओळखीचं अक्षर.

'ड्रायव्हरची.'